स्थानिक अडथळा

रत्नागिरीत वीज गेली की आनंदाने टाळी वाजवणारा माणूस एकच होता, आणि तो नेमका आमच्या नात्यात होता. माझे आतोबा, म्हणजे सख्ख्या आत्याचे यजमान. भारनियमनाच्या दिवसांत सगळी आळी घामाने कावलेली असायची, आणि हे गृहस्थ पंखा पुरता थांबायच्या आत जिना चढून माडीवर पोचलेले असायचे. वरून आरोळी यायची, "गो, ऐकलंस? सगळं गाव गप्प झालं! आता बघ कसा येतो तो!" तो म्हणजे पाच-सहा हजार मैलांवरून शॉर्टवेव्हवर बोलणारा कोणीतरी निवेदक. वीज गेली की ट्यूबलाइटी, टीव्ही, मिक्सर सगळ्यांची खरखर एकदम थांबते आणि सेलवरच्या रेडिओला लांबची केंद्रं लख्ख सापडतात, हे त्यामागचं शास्त्र. आळीला ते शास्त्र माहीत नव्हतं. आळी त्यांना सरळ वेडा म्हणायची, आणि मीही आळीतलाच.

आतोबा एस.टी. स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. जन्मभर कर्ण्यावरून गाड्या पुकारल्या, आणि इतक्या ठणठणीत आवाजात की त्यांनी 'लांजा, राजापूर' म्हटलं की चिपळूणला जाणारा माणूससुद्धा पिशवी घेऊन उठायचा. अठ्ठ्याण्णव साली निवृत्त झाले आणि त्यांनी ठरवलं, बोलून झालं, आता ऐकायचं. माडीच्या खिडकीपासून परसातल्या माडापर्यंत तांब्याची तार ताणली. नारळ काढायला आलेल्या पाडेल्याला तार बांधायला वर चढवलं, तो नारळ न काढताच खाली उतरला आणि निघून गेला, म्हणून आत्या दोन दिवस बोलली नाही. पुढे तिने सूड घेतला. तारेच्या खिडकीकडच्या टोकावर ती ओले कपडे वाळत घालू लागली.

"अगो, काढ ते! या घटकेला त्या तारेवर ऑस्ट्रेलिया आहे!"

"मग त्याला म्हणावं, जरा पलीकडे सरक. पंचा वाळायचाय तुमचा."

ऐकलेल्या प्रत्येक केंद्राला आतोबा पाचपैकी गुण देत. आवाजाच्या ताकदीला, शेजारच्या केंद्राच्या ढवळाढवळीला, आभाळातल्या खरखरीला, चढउताराला, आणि मग एकंदर. हे गुण लिहून केंद्राला पत्र धाडायचं, तिकडून पोच म्हणून चित्राचं कार्ड येतं. कार्डाच्या लोभाने काही हौशी लोक सढळ हाताने पाच-पाच वाटतात. आतोबा नाहीत. "खोटे गुण दिले तर त्या बिचाऱ्यांना कळायचं कसं, आपण कुठवर पोचतो ते?" ही सवय घरभर पसरली. भात पाच, आमटी तीन. माझ्या लग्नात त्यांनी मंगलाष्टकांना दोन दिले, तेही गुरुजींच्या तोंडावर. त्यांच्या वहीत शेवटचा एक रकाना होता, 'स्थानिक अडथळा'. खरखर आपल्याच घरातली किंवा आळीतली असेल तर तिथे 'आहे' लिहायचं, दोष केंद्राच्या माथी मारायचा नाही. या रकान्याची ते इतकी काळजी घेत की पत्र टाकण्याआधी आळीत फिरून कोणाची ट्यूब फुरफुरते आहे ते पाहून येत.

उत्तरेकडच्या एका थंड देशाचं केंद्र त्यांचं लाडकं. तिथली एक निवेदिका रोज संध्याकाळी साडेसहाला अर्धा तास इंग्रजीत बोले. बर्फ, मासेमारी, बटाट्याचं पीक, असलं काहीबाही. तिने एकदा यांना स्वतः पत्र लिहिलं होतं, की तुमच्याइतकं खरं आम्हाला कोणी सांगत नाही. ते पत्र देव्हाऱ्याशेजारी. तिने पाठवलेलं बर्फाच्या डोंगरांचं कॅलेंडर कोठीच्या भिंतीवर, आणि त्याच्या खाली पेंढ्यात आंब्याची अढी. आत्या म्हणायची, "एवढी काळजी माझ्या गुडघ्यांची केली असती तर!" पण कॅलेंडरवरची धूळ तीच पुसायची.

त्याच घरात, रस्त्याकडच्या खालच्या खोलीत, मी सायबर कॅफे काढला. खोली आतोबांनीच दिली. पाच कॉम्प्युटर, वर पाच बॅटरीचे डबे. कुवेत-दुबईला गेलेल्या मुलांशी बोलायला मोहल्ल्यातल्या आया बाकावर नंबर लावून बसायच्या, आणि मी स्वतःला गावाचा उद्धारकर्ता समजू लागलो. तिसऱ्या दिवशी आतोबा खाली आले. "मेल्या, तुझ्या या दुकानाने माझा अख्खा युरोप खाल्लान् की रे!" बस्स, एवढंच. दुकान हलव म्हणाले नाहीत. वहीत मुकाट्याने 'आहे' लिहीत गेले आणि जगभर कळवत राहिले की खरखरीचा दोष तुमचा नाही, माझ्या भाच्याचा आहे.

मला वाटलं, आपण त्यांना सुधारावं. एके दिवशी त्यांना खुर्चीत बसवून, कानाला हेडफोन लावून तीच बाई इंटरनेटवर ऐकवली. दोन मिनिटांनी त्यांनी हेडफोन काढून ठेवला. "पाच, पाच, पाच, पाच, पाच. यात माझं काय काम?" मी हसलो. गिऱ्हाइकंही हसली. आज तो हशा आठवला की माझीच मला लाज वाटते.

पुढे एकेक केंद्र बंद पडत गेलं. सगळ्यांची पत्रं एकाच वळणाची, की आता आम्हाला इंटरनेटवर भेटा. म्हणजे माझ्याच दुकानात. मग तिचंही पत्र आलं. शेवटचा कार्यक्रम अमुक संध्याकाळी, तुमच्या गुणांची वाट पाहीन. आतोबा पत्र घेऊन खाली आले आणि उंबऱ्यातच थांबले. स्टँडवरच्या गर्दीला दटावणारा माणूस, पण आवाज असा की जणू उसनं मागायला आलाय.

"अर्धाच तास रे. साडेसहा ते सात. सगळं बंद ठेवशील? शेवटचे गुण तरी तिला नीट जायला हवेत."

"आतोबा, हे काय विचारणं झालं?" मी म्हटलं.

आणि नेमका त्याच दिवशी दहावीचा निकाल लागला. दुपारपासून दुकानात मुंगी शिरायला जागा नव्हती. साडेसहा वाजले. मी लोकांना अर्धा तास थांबा म्हणू शकलो असतो. निकाल काही पळून जात नव्हता. पण पलीकडच्या गल्लीत नवा कॅफे निघाला होता, आणि गिऱ्हाईक तिकडे गेलं तर परत येत नाही, ही भीती मला आतोबांपेक्षा मोठी वाटली. मी शटर खाली ओढलं, ट्यूब घालवली आणि आत सगळे कॉम्प्युटर चालूच ठेवले. आई-बाप आणि पोरं अंधारात घाम पुसत कुजबुजत आकडे वाचत होती. आतोबा जिन्यातून वाकून बघून गेले. बंद शटर दिसलं, त्यांचं समाधान झालं. रोज जाणारी वीज त्या संध्याकाळी गेली नाही.

सव्वासातला ते खाली आले, तोवर मी शटर वर करून, जणू आत्ताच दुकान उघडलंय असा, बसलो होतो.

"तू बंद केलं होतंस ना रे?"

"हो, आतोबा."

"मग माझे कानच गेले म्हणायचे. नुसती खरखर. ती निरोप घेत्येय एवढं कळलं, शब्द एक नाही."

त्यांची पाठ वळताच मी गिऱ्हाइकाला पुढचा नंबर विचारला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अहवाल धाडला आणि आठवड्याभरात पाडेल्याला बोलावून तार उतरवली. त्यानंतर रेडिओला हात लावला नाही. आत्याने डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत. आतोबांनी ते मानलं नाही. दीड महिन्याने कार्ड आलं, तिच्या हातचं: खऱ्या गुणांबद्दल आभार, आणि आमचा शेवटचा कार्यक्रम तुमच्यापर्यंत नीट पोचू शकला नाही याबद्दल क्षमस्व. ते त्यांनी मला वाचून दाखवलं. म्हणाले, "बघ, बाई किती सज्जन." क्षमा मागायची होती ती मी, त्यांच्यापासून दोन हातांवर बसून, आणि मी म्हटलं, "छान आहे कार्ड."

दोन वर्षांनी आतोबा गेले. कॅफेही पुढे बंद पडला, ज्या गिऱ्हाइकांसाठी मी हे केलं त्यांच्या घरोघरी इंटरनेट आलं. आत्याने वही मला दिली, "तुला आवड आहे या यंत्रांची" म्हणून. शेवटच्या ओळीत एकंदर गुण एक, आणि स्थानिक अडथळ्याच्या रकान्यात त्यांच्या टपोऱ्या अक्षरात 'नाही'. जन्मात खोटा गुण न दिलेल्या माणसाच्या वहीत तेवढं एक खोटं आहे, आणि ते माझं आहे. खोडून 'आहे' लिहावं म्हणून पेन घेऊन मी कितीदा बसलो. हात होत नाही.

परवा संध्याकाळी वीज गेली. आत्या सवयीने जिन्याकडे बघून म्हणाली, "आता धावले असते वर." मी उठलो. वाळत घालायची दोरी म्हणून तिने परसात बांधलेली ती तांब्याची तार सोडली, खिडकीतून वर घेतली आणि रेडिओला नवे सेल घालून काटा त्या निवेदिकेच्या जागेवर आणला. साडेसहा वाजले होते. खरखर अजिबात नव्हती. पलीकडून बोलायलाही कोणी नव्हतं. आत्या दोनदा चहाला हाक मारून गेली. मी सात वाजेपर्यंत तिथेच बसलो, पूर्ण अर्धा तास.