केरबाच्या गाडीचं इंजिन

"गार हुंदे, मग बघू."

केरबाच्या तोंडात हे वाक्य कायम असायचं. समोर चहा आला तरी तेच, बांधावरचं भांडण अंगावर आलं तरी तेच. बायको, शालूबाई, रागानं भांडी आपटायला लागली की तो उंबऱ्यावर बसून विडी पेटवायचा आणि हळूच म्हणायचा, "गार हुंदे." हे शहाणपण त्याला ट्रकनं दिलं होतं. तापलेल्या इंजिनाला घाई चालत नाही. झाकण उघडलं तर हात भाजतो, गार पाणी ओतलं तर लोखंड तडकतं. गाडीवर येणाऱ्या प्रत्येक नव्या पोराला त्यानं पहिल्यांदा हेच शिकवलं.

आमचं गाव नेसरीच्या अंगाला. केरबा आणि मी एका गल्लीतले, एका वयाचे. मी माती सोडली नाही आणि तो रस्ता सोडू शकला नाही. गुळाच्या ढेपा भरून कोकणात उतरायचं आणि येताना जांभ्या दगडाचे चिरे घेऊन आंबोलीचा घाट चढायचा, हे त्याचं आयुष्य. आमच्या भागातल्या कितीतरी घरांच्या भिंती त्याच्या गाडीतून आल्या आहेत. लाल चिऱ्याची धूळ त्याच्या भुवयांत अशी बसली होती, की आंघोळ करून आला तरी माणूस तांबूस दिसायचा.

ट्रक म्हातारा झाला होता आणि केरबाही. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. पोरगा उदयसिंह कागलच्या एमआयडीसीत कामाला, सून अनुजा. तो कधीपासून सांगत होता, "आबा, आता बसा घरात. ड्रायव्हर ठेवूया." पण ते इंजिन दुसऱ्याच्या हातात चालायचंच नाही. दोन ड्रायव्हर येऊन गेले. एकानं गाडी आजऱ्यातच सोडली आणि एसटीनं परत आला. "म्हातारी हट्टी हाय वो," म्हणाला, "तुमच्याशिवाय कुणाचं ऐकत न्हाय." केरबा त्या दिवशी नव्या नवऱ्यासारखा हसत होता.

मग वैशाखात ते इंजिन आंबोलीच्या घाटात बंद पडलं. पाण्याचा पायप फुटला, एवढंच केरबानं सगळ्यांना सांगितलं.

गाडी ओढून कोल्हापूरला, उचगावच्या हायवेला आणली. तिथं पिराजी मिस्त्रीचं गॅरेज. पिराजीशिवाय केरबानं कुणाला इंजिनाला हात लावू दिला नव्हता. पोरानं फोनवर एकच गोष्ट स्पष्ट केली होती : जुनं इंजिन बांधून होत असेल तर आबांनी जमेल तोवर चालवावं. होत नसेल तर भंगार बाजारातून दुसरं बसवायचं, आणि मग ड्रायव्हरही दुसरा. आबा घरी.

म्हणून केरबा मला बरोबर घेऊन गेला. "तू नुसता बस माझ्याजवळ," एवढंच म्हणाला.

पिराजीनं इंजिन खोलून ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडा, फळीवर ठेवला होता. त्यानं त्याच्या भिंतीवर रॉकेल चोळलं, फडक्यानं कोरडं पुसलं आणि वरून खडूची पूड फासली. काळा लोखंडी ब्लॉक चुन्यानं सारवलेल्या भिंतीसारखा पांढरा झाला. आम्ही तिघं बघत बसलो. लोखंड अखंड असेल तर खडू पांढरा राहतो. चीर असेल तर तिच्यात मुरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं.

आलं. आधी केसाएवढी काळी रेघ, मग ती लांबत गेली, खालपर्यंत. उन्हाळ्यात रान भेगाळतं तशी.

पिराजी म्हणाला, "पायप फुटला म्हणालास न्हवं?"

"व्हय."

"पायप फुटून अशी चीर पडत न्हाय, केरबा."

केरबा रेघेकडं बघत राहिला. मग एकदम सगळं बोलला. चढावर इंजिनाच्या उष्णतेचा काटा लालवर गेला होता. त्यानं गाडी वळणावर उभी केली, गार व्हायची वाट बघत. मागं रांग लागली. हॉर्न वाजायला लागले. मागच्या गाडीतला एक तरणा ड्रायव्हर खाली उतरून आला आणि म्हणाला, "आजोबा, झोपला काय? सरका, मी चढवून देतो." लोक हसले.

"ऱ्हावलं न्हाय गड्या," केरबा म्हणाला. "कॅन उचलला आन् वतलं गार पाणी. खट करून आवाज आला. बारीकसा. मला तवाच कळलं."

पिराजीनं हात पुसले. "तोडगा हाय. चीर शिवून देतो, पावसाळाभर चालंल. पण घाट उतरताना जाम झालं तर? उतारावर गाडी इंजिनच धरतंय. मी सांगाय नगं तुला."

"तू शीव. उदयला सांगू नगंस."

पिराजीनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "न्हाय सांगत."

दुपारी उदयसिंह मोटारसायकलवरून आला. त्यानं ब्लॉकला फेरी मारली. खडू पुसून टाकला होता. "काय मिस्त्री, हुतंय का बांधून?"

"हुतंय," पिराजी म्हणाला, पण पान्याकडं बघत.

मला वाटलं, पोरगा तोंड वाकडं करणार. पण तो हसला. "झालं तर मग. बांधा. आबा घरात बसून तरी काय करणार, आईचं डोकं खाणार." मग बापाच्या शेजारी बाकावर टेकला. "आबा, पयल्या खेपंला मी पण येतो. क्लिनर साइडला बसतो. अनुजा लगीन झाल्यापास्नं समुद्र दाखवा म्हणत्या, तिला बी घेऊया. केबिनीत मावतोय की तिघं."

केरबाच्या मनासारखं झालं होतं. मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. आनंद यायला हवा होता तिथं काहीच आलं नाही. रस्त्यावरून ट्रक जात होते आणि त्यांच्या धक्क्यानं पत्रे थरथरत होते.

"न्हाय," केरबा म्हणाला. "दुसरं बसवा."

"का? मिस्त्री तर म्हणत्यात—"

"मिस्त्री माझ्यासाठी खोटं बोलला. ब्लॉक तडकलाय. मी तडकवला. तापल्या इंजिनात गार पाणी वतलं."

उदयसिंह आधी हसला, थट्टा समजून. "तुमी? तुमी वतलं?" मग त्याचं हसू विरलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "बरं. असू दे. झालं ते झालं, आबा." लहान पोरानं कप फोडल्यावर बोलतात, तसं. आणि खिशातून फोन काढून भंगारवाल्याला लावला.

केरबा उठला. टोपी काढून झटकली, परत घातली. "मी एसटीनं जातो," म्हणाला. पोरगा फोनवर हात ठेवून म्हणाला, "थांबा की, सोडतो गाडीवरनं." केरबानं नुसता हात हलवला. मी उठलो, तर मलाही हातानंच बसवलं.

तो ट्रकच्या कडेनं गेला, पण त्याला हात लावला नाही. हायवेच्या कडेनं, गवतातून, एकेक पाय उचलत चालत राहिला. उदयसिंह आमच्याकडं पाठ करून इंजिन कुठल्या सालचं आहे ते विचारत होता. मी आणि पिराजी बघत होतो. मागून कुणीतरी हॉर्न दिला. केरबा न बघताच आणखी थोडा डावीकडं सरकला, आणि टायरवाल्यांच्या ताडपत्र्यांमागं दिसेनासा झाला.