ॲडजस्ट म्हणजे कोणी, कोणाशी?

टाइपरायटरवरची बोटं हवेत थांबायची, चष्मा नाकाच्या शेंड्यावर यायचा आणि प्रश्न यायचा, "कोणी? आणि कोणाशी?" ॲडजस्ट हा शब्द कानावर पडला की आमच्या टायपिस्ट बाईंचं हे ठरलेलं.

सुरतेत हा शब्द कोण वापरत नाही? तुम्हीही वापरत असाल. पांडेसऱ्यातल्या आमच्या कापड रंगवण्याच्या कारखान्यात तर तो दिवसभर चालायचा. एकदा हेडक्लार्क म्हणाला, "बेन, तमारो पंखो बगडी गयो छे. थोडुं एडजस्ट करी लो ने." बाईंनी आपली खुर्ची उचलली आणि थेट त्याच्या पंख्याखाली मांडली. "आता तुम्ही करा हं, भाई." तो बिचारा संध्याकाळपर्यंत घाम पुसत हसत होता.

मी तेव्हा रंगखात्यात नवा होतो. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, वडिलांनी मोर्च्यांतून आणलेली पत्रकं होती. मी वाचायला शिकलो ते त्यांवरच. साहजिकच माझ्या प्रत्येक वाक्याला उद्गारचिन्ह असे. माझं पहिलं पत्रक वाचून बाई म्हणाल्या, "अरे, ओरडतोस छान. पण मागतोस काय, ते लिहिलंच नाहीस!"

रविवारी सकाळी त्या उधन्याला आमच्या चाळीच्या ओट्यावर इंग्रजी शिकवायला यायच्या. फळा नव्हताच. त्या शब्द करून दाखवायच्या. स्टोव्हची ज्योत कमी केली, पुन्हा वाढवली. "हे ॲडजस्ट. परत पहिल्यासारखं करता येतं." मग म्हणाल्या, "सुरतेत आल्यावर मी डाळीत शेंगदाणे घालायला शिकले. आता त्यांच्याशिवाय मलाच घास जात नाही. मीच बदलले. हे ॲडाप्ट." कॉम्प्रोमाइजसाठी त्यांनी दोघांच्या भाकरीचा एकेक तुकडा मोडून घेतला. "दोघांनीही थोडं सोडलं. आणि एकट्यानेच सगळं सोडलं तर?"

"ती चोरी, ताई!" मागून चाळीतल्या बायजाबाई ओरडल्या. सगळा ओटा हसला. बाई सर्वांत जास्त हसल्या.

मग नवा मॅनेजर आला. त्याला ना मराठी येत होती, ना गुजराती.

आमच्याकडे बाराचा भोंगा झाला की यंत्रं थांबत. बायका फाटकाशी भाकऱ्या घेऊन उभ्या असत. आम्ही रंगलेले हात घासून अंगणात गोल करून जेवायचो. खानदेशातून आलेली माणसं एकमेकांना गावाकडची खबर सांगायची, कोणाचं दुखलंखुपलं कळायचं. तो अर्धा तास आमचा होता. तोच मॅनेजरला खुपला.

एक दिवस बाराच्या जरा आधी त्याने सगळ्यांना अंगणात जमवलं. बाई शेजारी उभ्या, त्याचं इंग्रजी मराठीत सांगायला. जेवणाची सुट्टी बंद, यंत्र चालूच राहील, ज्याने त्याने पाळीपाळीने यंत्रापाशीच खायचं. एवढं सांगून झालं. पुढचं इंग्रजी वाक्य आलं आणि बाईंचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला.

"साहेब काय म्हणस, ताई?" कोणीतरी विचारलं.

बाईंनी मॅनेजरला इंग्रजीत विचारलं, "आणि यंत्र? ते थोडा वेळ तरी थांबेल?"

"अजिबात नाही."

बाई आमच्याकडे वळल्या. एरवी कार्बनपेपर मागावा इतका हळू त्यांचा आवाज. त्या दिवशी तो फाटकापर्यंत गेला.

"साहेबांचा शब्द आहे ॲडाप्ट. एरवी मी 'जुळवून घ्या' असं सांगते. आज तसं सांगितलं तर ते खोटं होईल. जुळवायला दोन बाजू लागतात. साहेब म्हणतात, रंगाच्या वाफेत जेवा आणि सोसा."

मी लिहिलेल्या सगळ्या पत्रकांत एवढं धारदार वाक्य एकही नव्हतं. तेवढ्यात भोंगा झाला आणि फाटकाबाहेरून बायजाबाईंची हाक आली, "मंग या ना बाहेर! भाकर गार व्हई ऱ्हायनी!"

आम्ही निघालो. सगळेच. रस्त्यावर पंगत बसली, आणि अर्धा तास कायम राहील असं शेठने स्वतः येऊन सांगेपर्यंत एकही माणूस आत गेला नाही.

मॅनेजरने बाईंना केबिनमध्ये बोलावलं. "तुम्ही चुकीचं भाषांतर केलंत."

"मग बरोबर शब्द तुम्ही सांगा. मी टाइप करते."

अर्धा तास आमचा राहिला, बाईंची नोकरी मात्र गेली. आम्ही काम बंद ठेवायला तयार होतो. त्यांनीच अडवलं. "जे मागितलंत ते मिळालंय. ते सांभाळा." त्या नाशिकला बहिणीकडे जाणार होत्या.

शेवटच्या दिवशी बाई पहिल्यांदाच आमच्यात जेवायला बसल्या. त्यांचा डबा पंगतीत फिरला, आमच्या भाकऱ्या त्यांच्या ताटलीत आल्या. ठेचा लागला आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "रडत नाहीये हं मी," त्या म्हणाल्या. आम्ही माना डोलावल्या.

आम्ही कामावर परतलो. जाताना मी वळून फाटकाबाहेर पाहिलं. बाई रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. कोणाच्या तरी भाकरीवरचा निळा रंग त्यांच्या बोटांना लागला होता. पदर हातात होता, पण त्या रंग पुसत नव्हत्या.