आवाज नाय म्हणजे गाडी बंद नाय

मंडळींनू, आज दुपारी आचऱ्याच्या रस्त्यार एक नवी इलेक्ट्रिक गाडी मोरयेच्या कठड्याक घासली आणि चिऱ्याच्या गडग्याच्या भिंतीपासून हातभर लांब थांबली. बॉनेटार अजून शोरूमचो हार होतो. ड्रायव्हर आत अडाकलेलो, अर्धो शुद्धीत.

अग्निशमनचे सदाकाका इले आणि गडग्याक पाठ लावन गाडयेच्या फुड्यात उभे रवले. आवाज नाय, म्हणजे गाडी बंद, असा सगळ्यांका वाटला.

मी ओरडलंय, "काका, फुड्यात रवू नकात, गाडी चालू आसा. आधी चाकाक चिरो लावा."

माका म्हायत होता. मामाची तसलीच गाडी लोकांच्या पाठसून गुपचूप नेवन मी अर्धी वाडी घाबरवलंय.

काका हसले. "गप रे झिला, आज तरी मस्करी नको."

तेवढ्यात ड्रायव्हरचो पाय एक्सलरेटरार दाबलो गेलो. गाडी फुडे इली आणि काकांचो पाय गडग्यार चिरडलो.

आस्पतळात काका माझो हात धरून म्हणाले, "आमका ह्या कोणी शिकवकच नाय रे."

गाडयेक हार घालूक लोक होते. तिच्यातल्या माणसांका वाचवक जातल्यांका दोन गोष्टी सांगूक कोण नव्हतो.

गावात मस्करीखोर म्हणून माझा नाव आसा. पण काकांची मस्करी कोणी केली, तुमीच सांगा.