समाजवादी पक्षाची आई पहिल्या रांगेत

चहा हातात घ्या, पण घोट एवढ्यात घेऊ नका, ठसका लागेल. माती खाल्ली हो मी! तीही घरात नाही, मुलीच्या शाळेत, भर सभेत, पहिल्या रांगेत बसून.

झालं असं. आमची सई नववीत. तिच्या शाळेत मॉक पार्लमेंट होतं, म्हणजे खोटीखोटी संसद. चिठ्ठ्या उचलायच्या आणि येईल त्या पक्षाच्या बाजूने बोलायचं. सईच्या चिठ्ठीत निघाला समाजवादी पक्ष. आणि विषय काय, तर तुरुंग खाजगी कंपन्यांना चालवायला द्यावेत का? निवडलेली पोरं पुढच्या फेरीसाठी अबू धाबीला जाणार होती, मित्रमैत्रिणींबरोबर दोन दिवस, आईबापांशिवाय. सईचा सगळा जीव त्या ‘आईबापांशिवाय’मध्ये अडकलेला. पण अट होती. भाषण मुलाचं स्वतःचं हवं. पालकांची मदत दिसली की खलास, मूल बाद!

आता माझा स्वभाव तुम्हाला माहीतच आहे. कोल्हापुरात कॉलेजात असताना वादविवादाची ढाल मी कुणाला मिळू दिली नाही. त्यात आमचे बाबा हाडाचे समाजवादी, स्वतःच्या लग्नातही खादीत उभे होते. त्यांची नात समाजवादी पक्षातर्फे बोलणार आणि मी गप्प बसू?

“मम्मा, आय विल राइट इट मायसेल्फ,” सई म्हणाली.

“लिही की! मी फक्त सांगते, तू लिही.”

सुनीलने, म्हणजे आमच्या ह्यांनी, लॅपटॉपवरून मान वर केली. “अगं, खाजगीच्या नावाने एवढी काय पेटलीस? माझी नोकरी खाजगी, आपला व्हिसा खाजगी कंपनीचा, पोरीची शाळा खाजगी. दुबईच्या या अल बर्शातल्या घरात समाजवाद म्हणून एक वायफाय आहे, तोही तू पासवर्ड बदलून बंद करतेस.”

मी लक्षच दिलं नाही. आठवडाभर पोरीकडून भाषण घोटून घेतलं. माझा हुकमी मुद्दा ऐका हं. तुरुंगाचा धंदा झाला की रिकामी कोठडी म्हणजे मालकाचं नुकसान! मग तो कैद्याला सुधारून घरी कशाला पाठवेल? आहे की नाही जोरदार? बाबा असते तर पाठ थोपटली असती.

आदल्या दिवशी सई रडकुंडीला आली. “व्हॉट इफ आय फरगेट?”

“अडकलीस की माझ्याकडे बघ. मी हळूच मराठीत सांगीन. दुबईत मराठी कुणाच्या बापाला कळतंय?”

हसू नका! तुम्हीही हेच करता. भाजीवाल्याच्या तोंडावर “मेला लुटतोय” म्हणता, लिफ्टमध्ये शेजारणीच्या ड्रेसवर चर्चा करता. देश सोडला की आपल्याला वाटतं, मराठी ही आपली घरगुती गुप्तभाषा झाली.

तर तीन परीक्षक. एक गोऱ्या मॅडम, एक केरळी सर आणि मधे हिजाबातल्या समीना मॅडम. असतील लाहोर-कराचीकडच्या, मी मनाशी ठरवून टाकलं.

सईने सुरुवात झकास केली. माणसाला कैदेत सरकार टाकतं, तर त्याची जबाबदारीही सरकारचीच, कंत्राटदाराची नाही, वगैरे वगैरे. आणि मग थांबली. माझ्याकडे बघितलं. मी तोंडाला रुमाल लावला, खोकले आणि म्हणाले, “रिकामी कोठडी म्हणजे मालकाचं नुकसान!”

“ॲन एम्प्टी सेल इज अ लॉस फॉर द ओनर!” सई कडाडली. टाळ्या पडल्या हो!

झालं, मला चेव आला. आता पोरगी अडकत नव्हती तरी मी सांगत होते. “जेवणाचं घे! मालक डाळीत पाणी घालतो ते सांग!” “पोक काढू नकोस!” “केरळी सर घड्याळ बघतायत, आवर!” “नको नको, कैद्यांच्या मजुरीचं राहिलं!” आणि शेवटी काय म्हणाले असेन? “त्या मधल्या बाईंकडे बघ जरा, एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून बसल्यात. त्यांना हसव!”

आणि त्या बाई हसल्या की! म्हटलं, वा, काम फत्ते.

समीना मॅडमनी माइक जवळ ओढला. आधी इंग्रजीत सईला विचारलं, तुमच्या पक्षाच्या राज्यात कैद्याला स्वतःच्या तोंडाने बोलू देतात का?

“हो म्हण, हो म्हण!” मी.

“ताई,” माइकवरून स्वच्छ मराठी आली, “पोरीला बोलू द्या की जरा. मी दापोलीची. मघापासून सगळं ऐकतेय, एरंडेलासकट.”

अगं आई गं! मागे हशा पिकला. म्हणजे मागेही सगळी आपलीच मंडळी बसलेली! कान तापले माझे. मग सईकडे बघितलं. पोरगी पांढरीफटक पडली होती. अबू धाबी गेलं, आणि ते माझ्यामुळे गेलं.

केरळी सर नियम वाचायला लागले. समीना मॅडमनी त्यांना थांबवलं. आतापर्यंतचं भाषण आईचं समजून सोडून देऊ, म्हणाल्या, उरलेल्या वेळात मुलगी स्वतःचं बोलेल, मार्क तेवढ्यालाच. गोऱ्या मॅडमनीही मान हलवली.

सईने कागद उलटा ठेवला. माझ्याकडे अजिबात बघितलं नाही.

“ऑनरेबल मेंबर्स, आय लिव्ह इन अ प्रायव्हेट जेल. द फूड इज एक्सलंट. बट वन पर्सन डिसाइड्स व्हॉट आय ईट, व्हेन आय स्लीप अँड व्हॉट आय थिंक. शी लव्ह्ज मी. दॅट इज द प्रॉब्लेम. इफ आय गो फ्री, व्हॉट विल शी डू ऑल डे?” मग माझ्याकडे वळली आणि चक्क मराठीत म्हणाली, “म्हणून आमच्या पक्षाचं म्हणणं आहे, ज्याला कैद्याची गरज आहे, त्याच्या हातात किल्ली देऊ नका.”

सगळे हसत होते. मला राग आला, लाज वाटली आणि अभिमानाने ऊर भरून आला, सगळं एकदम! हे वाक्य मी शिकवलं नव्हतं. आणि माझ्या सगळ्या भाषणापेक्षा ते भारी होतं. खोकण्यासाठी आणलेला रुमाल शेवटी डोळ्यांना लावला.

सई निवडली गेली. नंतर मी समीना मॅडमची माफी मागायला गेले, तर म्हणतात कशा, “अहो, माझं तोंडच तसं आहे. आमची अम्मीही हेच म्हणते.”

शनिवारी बस अबू धाबीला गेली. मी अगदी शहाण्यासारखी वागले, नुसते मेसेज केले. पोचलीस का? जेवलीस का? एसी फार असेल तर स्वेटर घाल. फोटो पाठव. अगं, जेवलीस का?

संध्याकाळी एकच उत्तर आलं, “मम्मा, व्हिजिटिंग अवर्स आर ओव्हर.”

मी तिच्या खोलीत बसून, घडी घातलेल्या चादरीची पुन्हा घडी घालत होते. सुनीलने फोन घेतला, मेसेज वाचला, खोलीभर नजर फिरवली आणि दारात उभा राहून म्हणाला, “रिकामी कोठडी म्हणजे...”

“यल्ला, चल नीघ, चहा टाक जा!” मी ओरडले.

दुसरं काय बोलणार? मुद्दा माझाच होता, आणि त्यावर टाळ्याही मीच घेतल्या होत्या.