आईचे नाव टाका

आमच्या विद्यापीठाचा निकाल मोबाईलवर बघायचा तर दोनच गोष्टी लागतात. एक आसनक्रमांक, दुसरं आईचं नाव. ‘आईचे नाव टाका’ अशी पाटी येते, नाव टाकलं की गुणपत्रिका समोर. ज्यानं कुणी हे ठरवलं त्याला आईचं नाव म्हणजे मोठं गुपित वाटलं असावं. आणि गंमत म्हणजे माझ्यापुरतं त्याचं खरंही होतं. आमच्याकडे बाई लग्न करून आली की अमक्याची बायको, तमकीची आई एवढ्यावर तिचं भागतं. गल्लीतल्या निम्म्या बायकांना माझं खरं नाव ठाऊक नव्हतं. मतदानाच्या चिठ्ठ्या वाटणाऱ्यालाही घरासमोर उभं राहून विचारावं लागायचं.

मी मूळची पुणतांब्याची. बारावी झाले आणि लग्न होऊन इकडे राहुरी तालुक्यात आले. ऊस, दोन गाई, सासू-सासऱ्यांचं दुखणंखुपणं, यात पुढचं शिकायचं राहून गेलं ते राहूनच गेलं. लेक कॉमर्सला गेली तेव्हा तिनंच एक दिवस माझ्यासमोर फॉर्म आणून टाकला. तिच्याच कॉलेजातून बाहेरून बी.ए. करायचं. म्हणजे वर्गात बसायचं नाही, घरी अभ्यास करायचा आणि परीक्षेपुरतं जायचं. मी म्हटलं, या वयात मला कुठं झेपतंय? ती म्हणाली, “तुला भाकरी थापता थापता अख्ख्या गावाचं नातंगोतं सांगता येतं, मग चार राजांची नावं पाठ करायला काय होतंय?”

ती तीन वर्षं माझ्या आयुष्यातली फार सुखाची. रात्रीची जेवणं झाली की आम्ही दोघी एकाच टेबलाला बसायचो. ती माझी उजळणी घ्यायची, चुकले की “ए विद्यार्थिनी, उभी राहा” म्हणायची आणि मी खरंच उभी राहायचे. तिच्या हिशेबाच्या विषयांतलं मला काही कळत नसे, पण कुठला सर कुठल्या मुलीला काय बोलला, कुणाचं कुणाशी बिनसलं, सगळं मला कळायचं. ती मला सगळं सांगायची. आईला एवढं सांगणारी पोर मी तरी दुसरी पाहिली नाही, आणि या गोष्टीचा मला गर्व होता. बी.ए.चा नव्हता तेवढा.

शेवटच्या वर्षाचे आमचे निकाल एकाच आठवड्यात लागले. मला पहिला वर्ग मिळाला. तिचा लागला त्या दिवशी मी चुलीपुढं होते. ती मागं येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “आई, कॉस्टिंग राहिला.” तिला आवडणारा विषय, त्यातच गेली. मी तव्यावरची भाकर उलटायची विसरले. ती खाली बसली आणि हळूच म्हणाली, “कुणाला सांगू नको. पप्पांना पण नको. दिवाळीच्या आधी फेरपरीक्षा आहे, तेव्हा काढते. तोवर फक्त तुझ्यामाझ्यात.”

पप्पांना का नको, ते सांगायला हवं. तिची आत्या वर्षभरापासून स्थळं घेऊन येत होती. ह्यांनी बहिणीला ठाम सांगितलं होतं की पोरगी पदवीधर झाल्याशिवाय विषय काढायचा नाही. हा एक विषय राहिला एवढं कळलं असतं की आत्याला रान मोकळं मिळालं असतं. म्हणून मी ह्यांना सांगितलं, निकाल राखून ठेवलाय, विद्यापीठात असं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. तीन-चार महिन्यांचाच तर प्रश्न होता.

आणि मग कॉलेजातल्या क्लार्कचा फोन आला. भला माणूस आहे. माझा पहिला फॉर्म त्यानंच भरून दिला होता. तो म्हणाला, “ताई, लई अभिमान वाटला बगा. प्राचार्य म्हनले, असा आदर्श लोकांपुढं यायला पायजे. तुमचा फ्लेक्स लावतोय.” मी म्हटलं, भाऊ, नको, मला ते आवडत नाही. तो हसला. “लाजू नका हो ताई.” मी पुन्हा नको म्हटलं. आमच्याकडे बाईचं नको हे विनय म्हणून धरतात, जेवताना आग्रह करावा तसा आणखी एक वाढतात.

सकाळी स्टँडवर फ्लेक्स होता, दुपारी गावात चावडीपाशीही लागला. फॉर्मवरचा माझा फोटो, डोळे वटारलेला, आता दाराएवढा मोठा. खाली माझी टक्केवारी. वर माझं नाव, माझं खरं नाव, लांबून येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यालाही वाचता येईल अशा लाल अक्षरांत. आणि त्याखाली लिहिलं होतं, ‘लेकीसोबत शिकून आई झाली पदवीधर.’ लेकीचं नाव नव्हतं. तिच्याबद्दल एक अक्षर नव्हतं. पण कॉलेजात माझी लेक कोण हे कुणाला सांगायला लागत होतं?

तिच्या वर्गातल्या पोरांकडे आसनक्रमांक होतेच. परीक्षेच्या आधी ते बोर्डावर ओळीनं लावतात. अडत होतं ते आईच्या नावापाशी, आणि ते कॉलेजनं स्टँडवर टांगून ठेवलं होतं. कुणीतरी टाकून बघितलं. गुणपत्रिका उघडली. त्या गुणपत्रिकेचा फोटो काढून वर्गाच्या ग्रुपवर गेला, तिथून गावाच्या ग्रुपवर आला. वर लिहिलेलं, ‘आई पास, लेक नापास’ आणि पुढं हसणाऱ्या तोंडांची रांग.

हे डेअरीवर दूध घालायला गेले होते. तिथं कुणीतरी मोबाईल पुढं केला. घरी आले ते रिकामी किटली हातात धरून दारातच उभे राहिले. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “निकाल राखून ठिवलाय म्हनली व्हतीस ना गं तू?” आतल्या खोलीतून लेकीनं ऐकलं असणार, कारण तिनं दाराची कडी लावली. आमच्या घरात त्या दाराची कडी तोवर कधी लागलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात गेले. भांडायच्या तयारीनं गेले होते, साडी नेसतानाच मनात चार वाक्यं पाठ केली होती. प्राचार्यांनी उठून नमस्कार केला, चहा मागवला आणि माझं सगळं ऐकून म्हणाले, “आम्ही मुलीचं काहीच छापलं नाही. तुमचं छापलं, ते चांगलंच छापलं. निकाल विद्यापीठाच्या साईटवर आहे, तो कुणी बघावा यावर आमचा ताबा नाही.” यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. वाईट माणूस असता तर मला बरं झालं असतं. चांगल्या माणसाशी कसं भांडायचं हे मला बी.ए.नं शिकवलं नव्हतं.

मग मी क्लार्ककडे गेले आणि विचारलं, पुढच्या परीक्षेसाठी तिच्या नोंदीतलं आईचं नाव बदलता येतं का? त्यानं चष्मा वर केला. “ताई, बापाचं आडनाव बदलंल, पोरीचं नाव बदलंल, गॅझेट केलं की झालं. आई कशी बदलनार?” मलाच हसू आलं आणि लगेच डोळ्यांत पाणी आलं. ते बघून तो कळवळला. माझी समजूत घालायला त्यानं कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडं वळवला. “ह्ये बगा. तुमच्या शेजारच्या गल्लीतलीच हाय. हिचं तर तीन राहिलेत. तुमचीचा एकच हाय. कशाला रडता?”

मी मान फिरवायच्या आत वाचून झालं होतं. खरं सांगते, क्षणभर बरं वाटलं. मग स्वतःचीच शिसारी आली. ती मुलगी रोज सकाळी आमच्या दारावरून जाते, मला काकू म्हणते. आता ती दिसली की मला तिचे तीन विषय दिसतात, आणि मी ते विसरायचे म्हटले तरी विसरू शकत नाही. त्या क्लार्कला मी काय सांगणार होते? तो माझे डोळे पुसत होता.

फ्लेक्स उतरवा म्हणून मी ग्रामपंचायतीत सांगितलं तर तिथं माझ्या सत्काराची तारीख ठरलेली. हे म्हणाले, आता न्हाई म्हनलं तर गावाचा अपमान हुईल. मी गेले. मनात होतं, माईक हातात आला की सांगायचं, माझ्या लेकीचा निकाल तुमच्या मोबाईलमधून काढून टाका. शाल पांघरली, नारळ दिला. मग एका ज्येष्ठ माणसानं भाषण केलं. आवाज खणखणीत, कर्णा आमच्या घराच्या दिशेला. “या माऊलीच्या लेकीचा एक विषय राहिला. राहू द्या! तिनं खचू नये. तिनं आपल्या आईकडं बघावं!” टाळ्या वाजल्या. घरी आतल्या खोलीत ती एकटी होती आणि तिला शब्द न् शब्द ऐकू जात होता. माझ्या हातात माईक आला तेव्हा मी “सगळ्यांची आभारी आहे” एवढंच म्हणाले. माईक परत दिला. लोकांना वाटलं, भारावले.

आत्या त्याच आठवड्यात आली. “आई एवढी हुशार, पोरगी बापावर गेली,” असं तिनं आमच्या तिघांदेखत म्हटलं आणि पिशवीतून एका मुलाचा फोटो काढला. ह्यांनी तो परत पिशवीत ठेवायला लावला, पण या वेळी आवाजात जोर नव्हता. फेरपरीक्षेपर्यंत थांब, म्हणाले.

लेक माझ्याशी भांडली नाही, हेच मला फार लागलं. कामात मदत करायची, विचारलं त्याला उत्तर द्यायची. फक्त बाकीचं सगळं बंद झालं. फेरपरीक्षेचा फॉर्म तिनं कधी भरला मला कळलं नाही. अभ्यास तिनं आतल्या खोलीत केला. परीक्षेच्या सकाळी मी दही-साखर हातावर ठेवताना सहज विचारलं, आसनक्रमांक काय आलाय गं? ती चप्पल घालत होती. मान वर न करता म्हणाली, “आई, या वेळी तुलाही सांगणार नाही. तू मुद्दाम काही केलं नाहीस, मला माहीत आहे. पण तुला माहीत नसलं की तुझ्याकडून कुणाला कळणार नाही.”

परवा निकाल लागला. तिनं मोबाईल बघितला, तो उपडा ठेवला आणि गाईंना वैरण टाकायला गेली. मी खिडकीतून तिच्या पाठीकडं बघत राहिले. पाठीवरून काही कळेना. तेवढ्यात माझा फोन वाजला. कॉलेजातला क्लार्क. आवाजात तोच आपलेपणा. “ताई, म्हनलं तुमाला काळजी लागली आसंल. आत्ताच उघडून बगितला, तुमच्या लेकीचा...”

मी फोन बंद केला. पुन्हा वाजला, पुन्हा बंद केला. ती वैरण टाकून आली, हात धुतले, जेवायला बसली. मी भाजी वाढली. विचारलं नाही. आज तिसरा दिवस आहे. एव्हाना निम्म्या गावानं माझं नाव टाकून बघितलं असेल. मला अजून माहीत नाही.