सक्तीचा माल

माझ्या धाकट्या भावाने आयुष्यात एकही हवीशी वाटणारी वस्तू विकलेली नाही. त्याने विकलं ते फक्त सक्तीचं. बाजारातले लोक त्याला 'सक्ती' म्हणतात, आणि त्याला त्याचा राग येत नाही. उलट नव्या माणसाला तो स्वतःच ते नाव सांगतो. मिरच्या झोंबायला आधी नाक असावं लागतं.

वडिलांची बेकरी आता मी चालवते. लहानपणी भट्टीपाशी उभं राहायची वेळ आली की याच्या नेमकं पोटात दुखायचं. त्यामुळे भाजलेले हात माझ्या वाट्याला आले आणि बोलकं तोंड त्याच्या. पहिल्यांदा त्याने आग विझवायची लाल नळकांडी विकली. प्रत्येक दुकानात ती असलीच पाहिजेत असा हुकूम निघाला, आणि हा पठ्ठ्या हुकूम निघायच्या आधीच खोलीभर नळकांडी घेऊन बसला होता. मग बिलं छापायची यंत्रं आली, मग कॅमेरे. कुठल्या कचेरीत काय शिजतंय याचा वास त्याला सगळ्यांच्या आधी यायचा. एकदा जेवताना मला म्हणाला की लोकांना आवडेल ते विकणारा मूर्ख असतो. आवड बदलते, नियम मात्र गिऱ्हाइकाचा कान धरून त्याला दुकानात आणून सोडतो. मी हसले होते. तेव्हा कान दुसऱ्यांचे होते ना.

मग धुराची पाळी आली. लाकडावरच्या भट्ट्या बंद करायच्या आणि विजेचे ओव्हन बसवायचे असं ठरत होतं. नियम वाईट होता असं मी म्हणणार नाही. आमच्या माडीवरची बाई वाळत घातलेल्या चादरी पुन्हा पुन्हा धुवायची, आणि माझ्या छातीतली घरघर ऐकून माझा नवरा झोपेतून उठून बसायचा. पण नियम करणाऱ्यांच्या समितीत छोट्या दुकानदारांच्या बाजूने बोलायला कोण बसलं होतं, तर माझा भाऊ. तोवर त्याने विजेच्या ओव्हनची एजन्सी घेतली होती. कुंपणच शेत खातं म्हणतात. इथे कुंपणाने शेताच्या वतीने भाषणही केलं.

आमच्या गल्लीत बेकऱ्या दोनच. एक माझी, दुसरी अगदी समोर, काकांची. सख्खे नव्हेत, पण वडील गेले तेव्हा आपलं काम आटोपून, घामाने भिजलेल्या बनियनवर रस्ता ओलांडून यायचे ते हेच काका. माझी भट्टी एक दिवसही थंड पडू दिली नाही त्यांनी. मी धंद्यात उभी राहिले तर त्यांचंच गिऱ्हाईक फुटणार होतं, हे त्यांना कळत नव्हतं असं थोडंच आहे. काकू तर म्हणायच्या, आमच्या ह्यांना स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायची हौसच आहे.

काका नव्या यंत्रांना भिणारे नव्हते. पीठ मळायचं यंत्र गल्लीत पहिलं आणलं त्यांनी. त्यांना भरवसा वाटत नव्हता तो माझ्या भावाचा. ओव्हन घ्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं की या माणसाकडून घेऊ का.

"घ्या काका," मी म्हणाले. "माझा भाऊ आहे. तुम्हाला नाही फसवणार."

काकांनी दुसऱ्याच दिवशी त्याला आगाऊ रक्कम दिली.

सरकार ओव्हनसाठी अनुदान देत होतं, पण त्याला एक अट होती. जुनी भट्टी आधी फोडायची, साहेबाने येऊन विटांचा ढीग बघायचा, फोटो काढायचा, मगच पैसे. भावाने काकांना सांगितलं की जितकी लवकर फोडाल तितकं लवकर अनुदान येईल. काकांनी फोडली. घुमट खाली आला तेव्हा काजळी आमच्या काउंटरपर्यंत उडाली. माझ्याकडे आल्यावर भाऊ म्हणाला, ताई, तू एवढ्यात फोडू नकोस, तुला काय घाई आहे? मला वाटलं, वडिलांच्या भट्टीत जीव अडकलाय पोराचा. खरं सांगते, डोळे भरून आले माझे. माणसाने किती मूर्ख असावं!

दोन्ही बेकऱ्यांत ओव्हन आले. माझ्या ओव्हनला विजेचं मोठं कनेक्शन मिळालं, तो सुरू झाला आणि मगच मी भट्टी फोडली. चांगला आहे, खोटं कशाला बोलू? पाव सगळीकडून सारखा फुगतो. काकांच्या ओव्हनला वीजच येईना. ते रोज विजेच्या कचेरीत जायचे, रोज त्यांना होईल म्हणून सांगायचे. घरी येऊन ते ओव्हनची काच पुसत बसायचे. इतर गल्ल्यांतल्या ज्यांचं काम अडकलं होतं त्यांनी मुदत वाढवून घेऊन जुन्या भट्ट्या चालू ठेवल्या. काकांना तेही जमेना, कारण त्यांच्याकडे भट्टीच उरली नव्हती. त्यांचं गिऱ्हाईक मान खाली घालून माझ्याकडे येऊ लागलं. मी भावाच्या मागे लागले की तो म्हणायचा, होईल गं.

शेवटी माझं मीटर तपासायला आलेल्या वायरमनला मी खोदून विचारलं. त्याला वाटलं मला माहीतच असेल. म्हणाला, गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवर एकाच मोठ्या कनेक्शनची जागा होती, आणि तुमच्या भावाने आधीच चौकशी करून तुमचा अर्ज पुढे टाकला. नवा ट्रान्सफॉर्मर बसेपर्यंत समोरच्यांचं काही खरं नाही, आणि तो कधी बसेल ते साहेबालाही ठाऊक नाही. ही चौकशी कधी केली होती, असं मी विचारलं. काकांनी ओव्हन घ्यायच्या आधी, तो म्हणाला.

तेव्हा मला ती 'काय घाई आहे' कळली. वीज येईपर्यंत भट्टी फोडण्यात धोका आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने ते एकाच घरी सांगितलं.

मी तशीच पिठाच्या हातांनी त्याच्या ऑफिसात गेले. त्याने काही नाकारलं नाही. तेच जास्त लागलं.

"कनेक्शन एकच होतं, ताई. मग ते तुला नको? परक्याला देऊ?"

"मग त्यांना ओव्हन का विकलास?"

"त्यांनी मागितला, मी दिला. भट्टी आज ना उद्या जाणारच होती. मी कुठला नियम मोडला, तेवढं सांग."

एकही मोडला नव्हता. सगळे पाळून त्याने एका म्हाताऱ्याचा केसाने गळा कापला होता, आणि वर माझ्याकडून शाबासकीची वाट बघत होता. मी म्हणाले, पुन्हा माझ्या दारात पाय ठेवू नकोस. तो शांतपणे म्हणाला की सर्व्हिसिंगला यावंच लागेल, नाहीतर तुझी गॅरंटी जाईल. त्या क्षणी त्याच्या टेबलावरचं काहीतरी जड उचलून त्याच्या डोक्यात घालावं असं वाटलं. सगळी माहितीपत्रकंच होती, गुळगुळीत आणि हलकी.

तिथून मी काकांकडे गेले. सगळं सांगितलं, एक अक्षर लपवलं नाही. म्हटलं, माझ्या ओव्हनवर अर्धा दिवस तुमचा. तुमचं पीठ, तुमचं गिऱ्हाईक, मला त्यातलं काही नको. काका म्हणाले, "पोरी, ओव्हन तुझ्या शब्दावर घेतला. भट्टी फोडली तीही तुझ्या शब्दावरच. आता अजून काही देऊ नकोस." आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर बरं झालं असतं.

आता गल्लीच्या तोंडाशी 'धूरमुक्त गल्ली' अशी पाटी लागली आहे. दोनातली एक बेकरी मेली की धूर कमी होणारच. सुंठीवाचून खोकला गेला. पाटीच्या उद्घाटनाला भावाने सगळ्यांच्या वतीने आभार मानले म्हणे. मी दुकानाचं शटर ओढून आत बसले होते. माझा खप दुप्पट झाला आहे, आणि तो लोकांना ते अभिमानाने सांगतो.

परवा सकाळी काकू रांगेत उभ्या होत्या. त्या घरात आजवर पाव विकत आणलेला नव्हता. त्यांचा नंबर आला तेव्हा मी वरचा, नुकता काढलेला पाव उचलून पुढे केला.

"आजचाच आहे ना?" त्यांनी विचारलं.

"आजचाच आहे, काकू."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तिथेच, सगळ्यांसमोर, पाव मोडून बोटाने दाबून बघितला, आणि मगच पैसे काढले.