पट्टीवर आलेला अटॅक

मला ईसीजी वाचायला शिकवणारे सर तोंडानं कमी आणि हातानं जास्त शिकवायचे. सोलापुरातल्या त्या दवाखान्यात आम्ही नवे डॉक्टर ईसीजीची पट्टी घेऊन उभे राहिलो की ते टेबलावर मूठ आपटत, चहाची कपबशी उडे. एकदा एका बाईच्या पट्टीवर उलट्या, खोल लाटा बघून मी छातीठोकपणे अटॅक सांगितला. सरांनी चुरगळलेली पट्टी माझ्या तोंडावर बसली. बाईच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. डोक्यात रक्त सांडलं तरी हृदयाच्या लाटा उलट्या पडतात, हे मला तेव्हा कळलं. "रेघा वाचतेस, रेघांखालचा माणूस कोण वाचणार? तुझा बाप?" सर ओरडले. मी मूळची तापट. मनातल्या मनात त्यांना तिथंच लोळवलं आणि ईर्ष्येनं पट्ट्या घोकायला बसले.

पुढं एका रविवारी दुपारी मोहोळकडून एका शेतकऱ्याला जीपमधून आणलं. माणूस अर्धवट शुद्धीत, शर्टावर उलटी. डोक्याला टॉवेल घट्ट बांधलेला, त्याच्या कडेनं केसांना पिवळं लागलेलं. रविवारी आमच्याकडं कितीतरी लोक देवाचा भंडारा लावून फिरतात, त्या पिवळ्याकडं कोण लक्ष देतो? सोबत त्याची बायको आणि थोरला भाऊ. बायको गप्प. भावाचा आवाज मात्र साऱ्या वॉर्डात.

"छातीत कळ आली अन् पडला. तितल्या डॉक्टरनं अटॅक सांगितलाय. गुठळी फोडायचं इंजेक्शन द्या की लवकर!"

मी आमच्या मशीनवर पुन्हा पट्टी काढली. लाटा उलट्या. सिस्टर इंजेक्शन घेऊन आली. लाटा फारच खोल होत्या, त्या बाईच्या पट्टीसारख्या. मला गालावरचा तो कागद आठवला. मी म्हटलं, "थांबा. आधी डोक्याचं स्कॅन."

"अटॅकला डोक्याचं स्कॅन? मारता का त्याला?" म्हणत भावानं मला खाडकन कानाखाली मारली. डोळ्यांपुढं काजवे चमकले. मीही त्याच्या छातीवर दोन्ही हात देऊन त्याला मागं ढकललं, सलाईनचा स्टँड आडवा झाला, बाटली फुटली. कुणी कुणाला धरलं ते आठवत नाही. एवढं आठवतं, की त्या रागातच मी रोग्याच्या डोक्याचा टॉवेल ओढून काढला.

तो भंडारा नव्हता. स्वयंपाकघरातली हळद होती. उजव्या कानाच्या वर फुटलेल्या जागेत मूठभर कोंबलेली, रक्तात भिजून चिखल झालेली. ते इंजेक्शन गेलं असतं तर आतलं रक्त कुणाच्या बापाला थांबवता आलं नसतं.

"कुणी मारलं?"

बायको थोरल्या दिराकडं बोट करून पहिल्यांदा बोलली. "ह्यांनीच. हिरीवरची मोटार आदी कुणी चालू करायची, त्यावरनं. फावड्याच्या दांड्यानं. पोलिस केस हुईल म्हणून सांगू नको म्हनले."

ज्या हातानं मला मारलं तोच हात जोडून तो दांडगा माणूस फरशीवर, काचांत बसला. "मॅडम, अटॅकच म्हणा की. पट्टीवर आलंय की." मला त्याची शिसारी आली. आणि तो नुसता पोलिसांना भिऊन बोलत नाही, हे कळल्यावर जास्तच आली. अटॅक ठरला तर भावाची ही गत आपल्या हातानं झालीच नाही, एवढंच त्याला त्या पट्टीकडून ऐकायचं होतं.

ऑपरेशन झालं. धाकटा वाचला, डावा हात लुळा पडला. जबाब घ्यायला पोलिस आले तेव्हा तो म्हणाला, "पडलो." मी खवळले. "खोटं बोलतोस! जखम काय पडल्याची आहे?" त्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं.

घरी सोडायच्या दिवशी थोरला त्याला न्यायला आला. दारात उभा राहिला, आत येईना. धाकट्यानं त्याच्याकडं बघितलं आणि उजवा हात छातीवर ठेवला.

"मॅडम, हितं लई दुखतंय."

मी लगेच पट्टी काढली. दोनदा वाचली. उलट्या लाटा सगळ्या सुलट झाल्या होत्या, दुखण्याची खूण पट्टीवर कुठंच नव्हती.